धूळ, आवाज, तुंबलेलं गटार: दाद लागेल अशी तक्रार कशी उभी करायची

प्रश्न थोडक्यात असा: वस्तीला लागून एकाच वेळी तीन मोठी बांधकामं चालू आहेत, पलीकडे तयार काँक्रीट बनवणारा प्रकल्प आहे. दिवसभर धूळ, रात्री यंत्रांची घरघर, पाऊस पडला की रस्त्यावर गटाराचं पाणी, आणि नळाला पूर्वीसारखा जोर नाही. दोन सभा झाल्या, चारशे सह्यांचं निवेदन दिलं, उत्तर आलं: ‘बाब तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल.’ आता पुढे काय?

त्या निवेदनाचं जे झालं ते होणारच होतं. एकाच कागदात धूळ, आवाज, गटार, पाणी, वाहतूक, झाडं असं सगळं कोंबलं की तो कागद नेमक्या कोणत्या खात्याचा हेच ठरत नाही. बांधकाम खातं तो पाणी खात्याकडे वर्ग करतं, पाणी खातं आपल्या मुद्द्यापुरत्या दोन ओळी लिहितं आणि फाइल बंद होते. यात कुणी मुद्दाम लबाडी केलेली असतेच असं नाही. तेव्हा आधी तक्रार फोडा. एक विषय, एक ठिकाण, एक खातं, एक मागणी. चार विषय असतील तर चार कागद आणि चार आवक क्रमांक.

‘प्रदूषण असह्य झालं आहे’ या वाक्याला ‘तपासतो’ एवढं उत्तर पुरतं. ‘१२ तारखेला सकाळी ७:४० ते ८:२५ या वेळात पूर्वेच्या फाटकातून ११ ट्रक बाहेर पडले, एकाचीही चाकं धुतलेली नव्हती, आणि परवानगीतली १४ क्रमांकाची अट चाकं धुऊनच वाहन बाहेर काढायला सांगते’ याला ते पुरत नाही. हे नाकारायचं तर समोरच्यालाही काहीतरी ठोस लिहावं लागतं.

म्हणून मोजमापाच्या मागे लागण्याआधी परवानग्यांच्या प्रती मिळवा: बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, पर्यावरणविषयक संमती, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा आणि वाहतुकीचा अभ्यास झाला असेल तर तोही. सरकारी कागद मागण्याचा कायदेशीर हक्क आज शंभराहून अधिक देशांत आहे. स्वीडनने तो १७६६ सालीच दिला होता. पर्यावरणाच्या माहितीबद्दल १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातलं दहावं तत्त्व आणि १९९८ चा आरहूस करार हेच सांगतात. अर्जात ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहू नका, कागदाचं नाव आणि भूखंडाचा क्रमांक लिहा. मोघम अर्ज मोघम कारण देऊन परत येतो.

या परवानग्यांना जोडलेल्या अटींची यादी कुणी वाचत नाही, आणि खरा माल तिथेच असतो. कामाच्या वेळा, कुंपणाच्या पत्र्याची उंची, पाणी मारण्याची वारंवारता, झाकलेले ट्रक, मिक्सर धुण्याचा खड्डा, कापलेल्या झाडांच्या बदल्यात लावायची झाडं. हवेत प्रमाणापेक्षा जास्त धूळ आहे हे सिद्ध करायला २४ तासांची सरासरी, मान्यताप्राप्त यंत्र आणि प्रशिक्षित माणूस लागतो. अट मोडली हे सिद्ध करायला फाटकासमोरच्या रस्त्यावर उमटलेल्या चिखलाच्या चाकोऱ्यांचा एक फोटो बास होतो. नुकसान सिद्ध करण्यापेक्षा अटीचा भंग सिद्ध करणं कितीतरी सोपं असतं. अनुभवी मंडळी तिथूनच सुरुवात करतात.

आता नोंदवही. साधी, शिवलेली वही घ्या, सुटी पानं नकोत. एका ओळीत तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, तुम्ही कुठे उभे होतात, काय दिसलं किंवा ऐकू आलं, वारा कुठून कुठे, फोटोचा क्रमांक, लिहिणाऱ्याची आद्याक्षरं. एक ओळ अशी दिसेल: ‘मंगळवार, रात्री ११:१० ते १२:३५. तिसऱ्या मजल्याची पश्चिमेची खिडकी. काँक्रीट पंप चालू, दोन मिक्सर उभे, मागे येताना पी-पी. वारा नाही. फोटो ४१, ४२.’ त्यात ‘छळ’, ‘मुजोरी’ असे शब्द नकोत. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी लिहा. खाडाखोड किंवा फाडलेलं पान दिसलं की वहीची किंमत संपते. ज्या दिवशी त्रास नव्हता त्या दिवसाचीही ओळ हवी: ‘काम बंद, धूळ नाही.’ या रिकाम्या दिवसांमुळेच बाकीच्या दिवसांवर विश्वास बसतो, कारण काम बंद असताना धूळ नाही आणि चालू असताना आहे हा ताळा आपोआप जुळतो. तीन-चार घरांत वेगवेगळ्या वह्या ठेवा आणि नोंदी एकमेकांना न दाखवता लिहा. तीन आठवडे पुरतात. सहा महिने कुणीच नेटाने लिहीत नाही.

फोटोची मूळ फाइल जपून ठेवा. संदेशाच्या अ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोची प्रत घसरते आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती बहुधा गळून जाते. दरवेळी एकाच जागेवरून, चौकटीत एखादा न हलणारा खांब किंवा घराचा कोपरा येईल असा फोटो काढा.

धुळीबद्दल सर्वाधिक चुका यंत्रामुळे होतात. स्वस्तातले हवा मोजणारे संच कणांवर प्रकाश टाकून विखुरलेल्या किरणांवरून अंदाज बांधतात. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण ते बऱ्यापैकी पकडतात. त्यापेक्षा जाड कण त्यांच्यातून निसटतात. बांधकामाची धूळ मुख्यतः जाडच असते. परिणामी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर पांढरं होतं आणि यंत्र मात्र ‘हवा समाधानकारक’ दाखवतं, आणि तोच आकडा बांधकामवाल्याच्या वकिलाच्या हाती लागतो. उलट धुक्याच्या दमट सकाळी कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र खऱ्यापेक्षा बरंच जास्त दाखवतं. संच वापरायचेच असतील तर निदान दोन घ्या आणि आधी आठवडाभर शेजारी-शेजारी ठेवून दोघांतला फरक लिहून ठेवा. मग वारा ज्या बाजूने येतो तिकडे, बांधकामाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक लावा. एकाच यंत्राच्या आकड्यापेक्षा दोघांच्या आकड्यांतला फरक बोलतो. स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळ किंवा उदबत्तीच्या वाटेवर लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी २४ तासांसाठी पीएम २.५ ला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आणि पीएम १० ला, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना, ४५ आहे. कायद्याने बांधील मर्यादा मात्र तुमच्या देशाची असते आणि ती बहुधा सैल असते. तक्रारीत दोन्ही लिहा, पण कोणती कुठली हे स्पष्ट करून.

बसणाऱ्या धुळीसाठी जुनी, साधी पद्धत चांगली: रुंद तोंडाचं भांडं ३० दिवस उघड्यावर ठेवायचं. तळाशी दोन बोटं ऊर्ध्वपातित पाणी घाला, नाहीतर बसलेली धूळ वाऱ्याने परत उडते. उन्हाळ्यात ते आटतं, भर घालत राहा. वर पक्षी बसू नये म्हणून काठाच्या वर तारेचं कडं. महिनाअखेरीस पानं-किडे चाळून काढा, पाणी प्रयोगशाळेतून गाळून, वाळवून, वजन करून घ्या. हिशोब प्रति चौरस मीटर प्रति दिवस मिलिग्रॅममध्ये मांडतात. ब्रिटनमध्ये २०० च्या पुढे गेलं की उपद्रवाची शक्यता धरायची असा प्रघात आहे. तो कायदा नव्हे. भांड्याचं तोंड २० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर २०० च्या हिशोबाने महिन्यात जेमतेम १९० मिलिग्रॅम जमतात, चिमूटभरही नाही. त्यामुळे घरातल्या काट्यावर हे वजन करायला जाऊ नका.

धूळ सिमेंटची की मातीची हा वाद हमखास निघतो. ताजी पडलेली धूळ थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळा आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) दाखवणारी पट्टी बुडवा. ताज्या सिमेंटच्या पाण्याचा सामू १२ च्या आसपास जातो, मातीचा साधारण ६ ते ८ मध्ये राहतो. धूळ दिवसेंदिवस पडून राहिली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हा फरक पुसट होतो, म्हणून त्याच दिवशी करा. हा पुरावा नाही, इशारा आहे. पण ‘प्रयोगशाळेत तपासा’ ही मागणी त्यावर ठामपणे करता येते.

आवाजाचं गणित सरळ बेरजेचं नसतं. डेसिबल ही लॉगरिदमवर आधारलेली मोजपट्टी आहे: एकाच्या जागी तशीच दोन यंत्रं चालू झाली तर आकडा ३ ने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० ने वाढावा लागतो. फोनवरचं अ‍ॅप नोंदीला ठीक, सुनावणीत टिकत नाही. कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाण आवाजाशी ताडून घेतलेला मीटर आणा. तो जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंच आणि भिंतीपासून साडेतीन मीटर दूर धरा. भिंतीला चिकटून मोजलं तर परावर्तनाने ३ पर्यंत डेसिबल फुकट वाढतात आणि तेवढ्यावर तुमचं सगळं मोजमाप बाद करता येतं. जोराच्या वाऱ्यात मोजू नका. यंत्र बंद असताना त्याच जागी पार्श्वभूमीचा आवाज मोजणं लोक हटकून विसरतात. एकूण ६८ आणि पार्श्वभूमी ५८ असेल तर यंत्राचा वाटा जवळजवळ ६७.५. एकूण ६१ आणि पार्श्वभूमी ५८ असेल तर यंत्राचा स्वतःचा आवाजही ५८ च, म्हणजे पार्श्वभूमीइतकाच. दुसऱ्या प्रकरणात तक्रार ताणू नका, हरते.

सरासरीपासूनही सावध राहा. तासभर ८० डेसिबलने यंत्र चाललं आणि उरलेले सात तास शांतता असेल तरी आठ तासांची सरासरी ७१ येते. झोपमोड सरासरीने होत नाही, धडाक्याने होते. रात्रीसाठी सरासरीसोबत सर्वोच्च आकडा आणि धडाक्यांची संख्या, असे तिन्ही लिहा. मागणीही हातात येण्यासारखी हवी. ‘काम बंद करा’ पेक्षा ‘पंप पश्चिमेकडून हलवून उत्तरेच्या फाटकाजवळ न्या, जनरेटरला ध्वनिरोधक खोकं बसवा, मागे येताना पी-पी करणाऱ्या भोंग्याऐवजी खसखस आवाजाचा भोंगा लावा’ ही मागणी साइटवरचा इंजिनिअरही दोन दिवसांत मान्य करू शकतो.

गटाराचा विषय वेगळा काढून नीट समजून घ्या, कारण अतिविकासाविरुद्धचा सगळ्यात पक्का युक्तिवाद इथे आहे आणि बहुतेक लोक तो चुकीच्या बाजूने मांडतात. ‘एवढी कुटुंबं आली तर सांडपाण्याने गटार भरेल’ असं सभेत ऐकू येतं. हिशोब करा. १०० घरं, घरटी ४ माणसं, माणशी १५० लिटर पाणी: दिवसाला ६०,००० लिटर. त्यातलं ८० टक्के गटारात आलं तर ४८,००० लिटर, म्हणजे सरासरी सेकंदाला अर्ध्या लिटरहून किंचित जास्त. सकाळच्या गर्दीला तिप्पट धरली तरी पावणेदोन लिटरच्या आत. एका इमारतीने गटार तुंबलं हे या आकड्यात बसत नाही, आणि समोरचा सल्लागार हेच गणित फळ्यावर मांडून हशा मिळवतो.

पावसाचं पाणी पाहा. प्रवाह काढायचं सोपं सूत्र असं: जमिनीचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो तो), तासाला पडणारा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये यांचा गुणाकार करून ३६० ने भागा, उत्तर सेकंदाला घनमीटर. एक हेक्टर मोकळं मैदान, गुणांक ०.३, तासाला ५० मिलिमीटर पाऊस: सेकंदाला सुमारे ४२ लिटर. त्याच जागेवर छत, काँक्रीट आणि फरशी आली की गुणांक ०.९ होतो आणि प्रवाह १२५ लिटर. बाहेरची पावसाळी वाहिनी ३०० मिलिमीटर व्यासाची, २०० ला १ उताराची असेल तर ती स्वच्छ असताना, पूर्ण भरून, साधारण ६८ लिटर वाहते. मैदानाचं पाणी तिच्यात मावत होतं, इमारतीचं मावत नाही. गाळ धरला तर आणखी कमी. उरलेलं जवळजवळ ५७ लिटर दर सेकंदाला कुठे जातं? तळमजल्याच्या घरांत. ४५० मिलिमीटरची वाहिनी त्याच उतारावर २०० लिटरच्या आसपास नेते, म्हणून मागणी नेमकी करता येते: वाहिनी बदला, किंवा पाणी अडवून हळूहळू सोडणारी टाकी भूखंडाच्या आत बांधायला लावा, आणि तोवर इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. व्यास टेपने मोजायला झाकण उघडावं लागतं. ते स्वतः उघडू नका, आत उतरू तर अजिबात नका, मॅनहोलमधला वायू क्षणात माणूस पाडतो. व्यास आणि उतार कागदावरून मागा, किंवा खात्याच्या माणसांसमोर मोजून घ्या.

मिक्सर धुतलेलं पाणी गटारात सोडलं जातंय असा संशय असेल तर घाई करा. सिमेंटची राबडी वाहिनीत घट्ट झाली की पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही, फोडूनच काढावी लागते, आणि तोवर ती कुणाची हे सिद्ध करणं अवघड होतं. वाहतं, राखाडी पाणी दिसलं त्याच क्षणी फोटो आणि सामूची पट्टी. पट्टी बुडवताना हातमोजे घाला, ते पाणी कातडी जाळतं.

नळाचा दाब कमी होण्याचं खापर नव्या इमारतींवर फोडण्याआधी एक तपासणी करा. टाकीच्या अलीकडे, मीटरजवळच्या नळाला दाबमापक लावा. सगळे नळ बंद असताना दाब चांगला आणि एक उघडताच धाडकन उतरत असेल तर अडथळा तुमच्याच गल्लीत आहे: गंजलेली जोडणी, किंवा दुरुस्तीनंतर अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह. हे दुसरं कारण इतकं सर्रास आहे की वर्षभराची भांडणं एका पान्याने मिटतात. नळ बंद असतानाही दाब कमीच असेल तर जाळ्यातच पाणी कमी आहे. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंची. चार घरांत एकाच वेळी, पहाटे आणि सकाळच्या गर्दीत मोजा. वाहिनीच्या शेवटाकडची घरं आधी मार खातात. कुणी थेट नळाच्या वाहिनीला पंप लावला असेल तर तेही लिहा, रहिवाशांपैकी असला तरी. अशा ओढीने वाहिनीत उलटा दाब येतो आणि भेगांतून गटाराचं पाणी आत शिरतं. पाण्याला वास किंवा गढूळपणा असेल तर नळाशी उरलेलं क्लोरीन तपासा, लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी असणं ही धोक्याची खूण. जंतूंच्या तपासणीचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध असतं, ती विसळू नका. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्यच हवा.

आजारांची पाहणी करावी का, असंही विचारलं जातं. पहिल्या महिन्यात नको. ‘खोकला आहे का’ असं विचारत फिरलं की सगळेच हो म्हणतात, आणि किती घरांपैकी किती हे कुणी मोजत नाही. नीट केली तर मात्र ती ताकदीची ठरते. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनाल या जुन्या कालव्यात पुरलेल्या रासायनिक कचऱ्यालगत वसलेल्या वस्तीत १९७८ साली लोइस गिब्ज आणि शेजारणींनी घरोघरची माहिती नकाशावर मांडली. आजार कालव्यापासूनच्या अंतरानुसार नव्हे, तर बुजवलेल्या जुन्या ओढ्यांच्या रेषेवर दाटलेले दिसले. शास्त्रज्ञ बेव्हर्ली पेगन यांनी त्याचं विश्लेषण केलं. राज्याच्या आरोग्य खात्याने आधी ते उडवून लावलं, पण फेब्रुवारी १९७९ मध्ये कालव्यापासून दूरच्या, बाहेरच्या वर्तुळातल्या गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांखालच्या मुलांना हलवण्याचा सल्ला द्यावा लागला. त्या नकाशात जमिनीखालून पाणी कुठून वाहतं याची माहिती होती, म्हणून तो टिकला. तुम्हीही नकाशा काढाल तर वाऱ्याची दिशा, जुने नाले आणि उतार आधी काढा, घरं नंतर.

कागद देताना पोचपावती आणि आवक क्रमांक घ्या. उत्तराची कायदेशीर मुदत असेल तर ती तक्रारीतच लिहा, नसेल तर स्वतः १५ दिवसांची तारीख द्या. मुदत टळली की दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र, प्रत वरिष्ठांना. चिडलेला मजकूर नको, फक्त आधीचा क्रमांक आणि तारीख. नवी परवानगी प्रस्तावित असेल तर हरकती नोंदवण्याची मुदत हाच सगळ्यात मोलाचा काळ असतो. बांधकाम उभं राहिल्यावर ते पाडून घेणं जवळपास अशक्य. त्याआधी वाहिनीचा व्यास वाढवून घेणं शक्य. सुनावणीत तीन मिनिटं मिळतात असं धरून चला: एकजण धूळ, एकजण निचरा, एकजण वाहतूक. दहाजण एकच गोष्ट बोलले तर नोंदीत एकच मुद्दा येतो.

भाषेवर ताबा ठेवा, कारण मानहानीच्या नोटिसा वाक्यांवर येतात. ‘कंपनी विष पसरवते, अधिकारी विकले गेलेत’ हे सिद्ध करावं लागेल. ‘या वेळी या फाटकातून धूळ बाहेर आली, हा फोटो, या तारखेच्या तक्रारीला उत्तर नाही’ यात सिद्ध करायचं काही उरत नाही. गटाच्या चॅटवरचं लेखनही पुरावा म्हणून वापरलं जातं, हे गटातल्या तापट मंडळींना आधीच सांगून ठेवा.

शेवटी संयुक्त पाहणीबद्दल. ती मागा, पण तारीख आधी जाहीर होऊ देऊ नका असंही लेखी मागा. ठरलेल्या दिवशी रस्त्यावर सकाळपासून पाणी मारलेलं असतं, ट्रक झाकलेले असतात, पंप बंद असतो. तारीख जाहीर झालीच तर पाहणीला वही घेऊन जा, आदल्या तीन आठवड्यांतल्या त्याच वाराच्या आणि त्याच वेळेच्या ओळी दाखवा, आणि तिथल्या तिथे लिहिलेल्या पाहणी अहवालात ‘आज काम बंद होते’ हे वाक्य घालून घेतल्याशिवाय सही करू नका.